बिनपट्ट्याचा जवाई

हिलाल पुना हा काही कुणी मोठा माणूस नव्हे. निंबखेडीला पांझरेच्या काठी चार बिघे वावर, ते धाकट्या भावाच्या, भटूच्या, हवाली केलेलं, आणि स्वतः हा गडी दीड कोसावरच्या सरकारी मळ्यावर नोकरीला. नोकरी कसली? तर ढेकूण पकडायची! हसा, खुशाल हसा. अख्खं निंबखेडी हसलं होतं, त्यात तुमची काय भर पडायची? खाटा उन्हात टाकून त्यांवर कढत पाणी ओतणाऱ्या बायका त्याला हाक मारायच्या, "हिलालभाऊ, आमना घरना बी लई जाय ना!" हिलाल मान खाली घालून, काखेत जाळी आणि खांद्याला झोळी अडकवून चालू लागायचा.

पण हे खाटेतले ढेकूण नव्हेत, ते आधीच सांगून टाकतो. हे कपाशीवरचे. बोंड उकलायला लागलं की हे लालभडक किडे झुंडीनं येतात, सरकीत सोंड खुपसून रस ओढतात, आणि त्यांच्या घाणीनं पांढराशुभ्र कापूस पिवळा पडतो. आमच्या खानदेशात पोरीच्या लग्नापासून देवळाच्या रंगापर्यंत सगळं कापसावर. तिथं पिवळा कापूस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

खानदेशाचे दोन तुकडे होऊन धुळं आणि जळगाव वेगळं झालं त्याला पाचसहा वर्षं झाली असतील, तेव्हा हा मळा निघाला. तिथलं किड्यांचं खातं लीलाधर नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडं होतं. सावद्याकडचा, कॉलेज शिकून आलेला, स्वभावानं अगदी गरीब. मजुरांतून त्यानं हिलालला निवडलं, कारण बाकीचे मजूर किडा दिसला की चिरडायचे आणि हा वाकून बघत बसायचा. चौथी शिकलेला, अक्षर बरं, हात हलका.

"हिलालभाऊ," पहिल्याच दिवशी लीलाधरनं त्याच्या हातात भिंग दिलं, "पाहुणा आला की आपण काय विचारतो? गाव कोणतं, कूळ कोणतं, कुणाच्या घरचा. किड्यालाही तेच विचारायचं. फक्त तो तोंडानं सांगत नाही, अंगानं सांगतो."

आणि मग शिकवणी सुरू झाली. आधी पंख बघायचा. पुढचा पंख मुळाशी चामड्यासारखा जाड आणि टोकाला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. मग किडा उलटा करून सोंड बघायची. ती चार पेरांची असते आणि काम नसलं की छातीखाली दुमडून ठेवलेली असते. पंख असा अर्धामुर्धा आणि सोंड अशी दुमडलेली, की समजायचं ढेकूण. मग कूळ. डोक्याला दोन मोठे डोळे तर असतातच, पण काहींना त्यांच्या मधोमध आणखी दोन बारीक डोळे असतात, सुईच्या टोकाएवढे. कपाशीवर करडा ढेकूण येतो त्याला ते आहेत. लाल ढेकणाला नाहीत. तेवढ्यावरून दोघांची कुळं वेगळी!

हिलालला याची गोडीच लागली. भाकरी खाताना तो तानुबाईला, म्हणजे बायकोला, सांगायचा, "तुले माहीत शे का, लाल ढेकूणले बारका डोया नहीत." तानुबाई म्हणायची, "माले दोन मोठा डोया शेतस, त्याघाई माले दिसस की घरमा लाकडं नहीत." पण खोटं कशाला बोला, तिलाही कौतुक होतं. बाभळीचा डिंक भिजवून, फडक्यातून गाळून ती त्याला देत असे. हा डिंक कशाला, ते ऐका.

पकडलेला ढेकूण टाचणीवर लावायचा असतो. पाठीवर जो त्रिकोण असतो त्याच्या उजव्या अंगाला टाचणी टोचायची, मध्ये नाही. त्याखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर चार गोष्टी: गाव, तारीख, झाड आणि पकडणाऱ्याचं नाव. "यातलं काहीही न पाहिलेलं लिहायचं नाही," लीलाधरनं बजावलं होतं. "एक चिठ्ठी खोटी निघाली की सगळ्या पेटीवरचा विश्वास उडतो." हिलालनं ते असं मनावर घेतलं, की एकदा तारीख आठवेना म्हणून त्यानं चांगला अख्खा किडा फेकून दिला.

पुढं विलायतेत लढाई पेटली आणि टाचण्या यायच्या बंद झाल्या. मळ्याच्या साहेबाचा हुकूम आला, की टाचणी नाही तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर डिंकानं चिकटवा. पोट खाली, पाठ वर, सहाही पाय नीट पसरलेले. हिलालचं ते काम बघत राहावं असं असायचं. बाभळीच्या काट्यानं एकेक पाय ओढून तो अशी मांडणी करायचा, की ढेकूण आत्ता चालायला लागेल.

सन सोळाच्या आश्विनात तो घरी आला असताना भटूच्या कपाशीत शिरला. एका बोंडावर दोन लाल ढेकूण चिकटलेले होते. त्याला वाटलं जोडी लागलीय. या जातीत नरमादी शेपटीला शेपटी लावून तासन्‌तास फिरतात, ते त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. पण हे दोघं शेपटीनं जोडलेले नव्हते. अंगानं थोरल्याची सोंड धाकट्याच्या मानेत घुसलेली होती. हिलाल खाली बसला. ऊन चढलं, भटू दोनदा हाक मारून गेला, तरी हा तिथंच. दुपारपर्यंत धाकटा ढेकूण फोलपट होऊन खाली पडला आणि थोरला सोंड पुसून पुढच्या बोंडाकडं निघाला.

त्यानं तो थोरला उचलून उलटा केला. लाल ढेकणाच्या पोटावर पांढरे आडवे पट्टे असतात, शेणानं सारवलेल्या भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढाव्यात तसे. याच्या पोटावर एकही पट्टा नाही! आणि सोंड? लाल ढेकणाची सोंड बारीक, लांब. याची जाड, दणकट. वरून बघाल तर तोच रंग, तेच पंख, आणि डोक्यावर बारीक डोळे नाहीत, म्हणजे कूळही तेच. पण हा कपाशी खात नव्हता, कपाशी खाणाऱ्याला खात होता. आठ दिवस त्यानं एकेक झाड तपासलं. भटूच्या वावरात हे बिनपट्ट्याचे बरेच होते आणि ज्या भागात ते होते तिथला कापूस पांढरा होता.

"तानू, हाऊ दुसराच शे," तो घरी येऊन म्हणाला. "त्यासना घरना दिसस, त्यासना घरमा राहस, आणि त्यासलेच खाई जास!"

"म्हंजे जवाईच म्हन ना!" तानुबाई फिसकन हसली. तेव्हापासून त्या किड्याचं नाव जवाई पडलं.

लीलाधरनं सगळं ऐकून घेतलं. त्यानं जाड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि खिन्नपणे मान हलवली. "हिलालभाऊ, हे अख्खं कूळ झाडाचा रस पिणारं. यात मांस खाणारं कुणी नाही. असं इथं लिहिलंय."

"रावसाहेब, माळकरीना घरमा बी एखादा निंघस, बाजारना दिन चोरीछुपी कोंबडी खाई येस. मी मना डोयाघाई देखं."

लीलाधर हसला. पण या माणसाची चिठ्ठी कधी खोटी निघाली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. "बरं. वीस तसले आणि वीस असले लावून द्या. मी वरच्या कचेरीत पाठवतो. त्यांनी दोन जाती म्हटलं, तर पुढच्या हंगामात तुमच्या जवायाला कुणी हात लावणार नाही. मी स्वतः तसं लिहून घेईन."

एवढं एकच हवं होतं हिलालला. कारण मळ्यावर बोलणं चालू झालं होतं, की पुढच्या हंगामात गावोगाव लाल ढेकूण वेचून मारायची मोहीम काढायची. लाल म्हणजे लाल. त्यात जवाई कोण आणि घरचा कोण, हे कोण बघणार? त्यानं रात्रंदिवस खपून चाळीस ढेकूण लावले. तानुबाईनं डिंक तीनदा गाळून दिला. इतकी देखणी पेटी त्या मळ्यावरून कधी गेली नसेल.

उत्तर आलं पुढच्या श्रावणात. लीलाधरनं त्याला बोलावून ते वाचून दाखवलं, आणि वाचताना तो वर बघत नव्हता. चाळीसही नमुने एकाच जातीचे आहेत. पाठीवरचे ठिपके लहानमोठे असले तरी तेवढ्यावरून जात वेगळी ठरत नाही. मानेजवळची पांढरी कड बुरशीमुळं ओळखता येत नाही. या कुळात मांसाहार आढळत नाही; संग्राहकानं जुगणारी जोडी पाहून गैरसमज करून घेतला असावा.

मळ्यावर ही शेवटची ओळ कशी फुटली, कोण जाणे! "हिलालले जोडपं आणि जेवन यामाना फरक समजत नही!" मजूर पोट धरधरून हसले. हिलालला त्याचं काही नव्हतं. तो परत आलेली पेटी घेऊन ओसरीत बसला. झाकण उघडलं. आत चाळीस लाल पाठी, ओळीनं, पाय पसरून. त्यानं भिंग लावलं. एक बघितला, दुसरा बघितला. आणि एकदम त्याच्या तोंडून निघालं, "अरे देवा!"

पट्टे पोटावर. सोंड छातीखाली. आणि पोट, छाती, सोंड, सगळं डिंकात बुडवून त्यानंच पुठ्ठ्याला चिकटवलेलं! वरच्या कचेरीला जे बघायचं होतं ते त्यानं स्वतःच्या हातानं, मोठ्या निगुतीनं, झाकून पाठवलं होतं. हुकूम पोट खाली म्हणून होता, हे खरं. पण कुणाला दाखवायचं काय, हे हिलालला माहीत होतं की नाही? होतं. मग एकदा तरी मनात यायला नको होतं? किती चरफडला तो. लीलाधरच्याही ते ध्यानात आलं नव्हतं, पण हिलाल त्याला दोष द्यायला तयार नव्हता.

त्यानं परातीतल्या गरम पाण्याची वाफ देऊन ते सोडवायला घेतले. पावसाळ्यात डिंक ओलसर होऊन आत बुरशी गेली होती. पहिला सुटला तो पोट पुठ्ठ्यावर ठेवूनच. दुसराही तसाच. विसाव्या जवायापर्यंत त्यानं धीर सोडला नाही. शेवटी परातीत नुसत्या पाठी आणि पाय तरंगत होते.

"आते नवा पकड," तानुबाई म्हणाली. "उलटा चिटकाव."

"आते कथा भेटतीन? बोंडं तर फुटू दे." पण बोंडं फुटायच्या आधीच हुकूम आला. पांझरेकाठच्या सात गावांत मोहीम. आणि ती चालवायची कुणी? तर लाल ढेकणाची ज्याला सगळ्यांत जास्त माहिती आहे त्यानं, म्हणजे हिलाल पुनानं.

तो लीलाधरकडं धावला. लीलाधर म्हणाला, "मी बोललो हो साहेबांशी. ते म्हणतात, कचेरीचं उत्तर फायलीला आहे. पुन्हा नमुने पाठवा, पण मोहीम थांबणार नाही. माझ्या हातात काय आहे, हिलालभाऊ?" खरंच त्याच्या हातात काही नव्हतं. तो बिचारा रडकुंडीला आला होता.

निंबखेडीच्या चावडीवर सभा भरली. धनसिंग पोलीस पाटलानं हुकूम वाचला. दर घरामागं ढेकूण जमा करायचे, न करणाऱ्याला मळ्यावरचं सुधारित बियाणं मिळणार नाही. मोजायचे कसे, असा प्रश्न निघाला. हजारो ढेकूण कोण मोजत बसेल? आणि हिलाल, जरा डोकं चालवून, बोलून गेला, "शेरना माप भरी घ्या." सगळ्यांना पटलं. दर घरामागं एक शेर.

मग तो उभा राहिला आणि त्यानं गावाला हात जोडले. "भाऊसहो, एक ऐका. उचलना की उलटा करा. पोटवर पट्टा दिसना तर मारा. नही दिसना तर सोडी द्या. तो आपला शे."

लोकांनी ऐकलं, असं म्हणायला हवं. अर्धा दिवस बायाबापड्या ढेकूण उलटे करून बघत होत्या. भागाबाई म्हणून शेजारीण होती, तिनं तर एकेक ढेकूण डोळ्यांशी नेऊन न्याहाळला. पण लाल ढेकूण सावली पडली की पटापट खाली पडून पाल्यात शिरतो. शेर भरता भरत नाही. आणि हा जवाई? सोंडेवर शिकार असली की तो हलत नाही. जेवणावरून उठायचं नाही, हा त्याचा बाणा. शिवाय अंगानं थोराड. चार जवाई टाकले की मापात सहा ढेकणांची जागा भरते. दुपारनंतर लोकांना हे कळलं आणि मग काय विचारता! जो तो आधी थोराड बघून उचलायला लागला.

"ओ भागाबाई, पोट बघा ना!" हिलाल बांधावरून ओरडत होता.

"बघस ना भाऊ," भागाबाई म्हणाली आणि ओंजळ डब्यात उपडी केली. "पण शेर भरना पाहिजे ना?"

हिलाल धनसिंगाकडं गेला. धनसिंग काही वाईट माणूस नव्हता. त्यानं हुकुमाचा कागद उघडून बोट ठेवलं. "दख, काय लिखेल शे? लाल ढेकूण. बठ्ठा, एक बी सोडू नही. तुले पगार या कागदवर भेटस का तुना जवाईवर?" माप सुचवणारा तोच. सात गावांत माप धरून उभा राहणाराही तोच. लोक ओंजळी ओतत होते, आणि तो शेर भरला की पुढचं घर पुकारत होता.

लपूनछपून त्यानं नऊ जवाई वाचवले. मच्छरदाणीच्या तुकड्याचा पिंजरा केला, आत कपाशीची फांदी ठेवली. त्यांना खायला लाल ढेकूण लागत. पहिले दहाबारा दिवस मिळाले. मग मोहिमेनं अशी काही सफाई केली, की पायपीट करून दोन गावांत एक ढेकूण मिळेना. तानुबाई भिंतीच्या फटी शोधायची, भेंडीची झाडं झटकायची. पिंजऱ्यात जवाई एकमेकांवर उठले. मार्गशीर्षातल्या एका थंड सकाळी एकटाच उरला होता, तोही दुपारी फांदीवरून पडला. हिलाल त्या दिवशी जेवला नाही. तानुबाई म्हणाली, "कसाले जीव जाळस? किडाच ना तो?" आणि मग स्वतःच पदर डोळ्यांना लावला.

आता डब्यांचं ऐका. सात गावांचे घासलेटचे डबे मळ्याच्या मागं पुरायला आणले होते. अर्धं पाणी, वर घासलेट, आणि त्यावर ढेकणांचा थर. हिलालनं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. मेलेला ढेकूण पाण्यावर पाठीवर उलटतो, पोट वर करून. डबाभर पोटं वर आली होती. पट्ट्याची पोटं आणि बिनपट्ट्याची पोटं, बारीक सोंडा आणि जाड सोंडा, भिंगाशिवाय, चार हातांवरून ओळखू यावीत अशी. आणि बिनपट्ट्याची निम्म्याहून जास्त! वर्षभर जे दाखवायला तो तडफडत होता, ते आता कुणीही येऊन बघावं असं समोर होतं.

त्यानं लीलाधरला हाताला धरून आणलं. लीलाधरनं डब्यात पाहिलं आणि काडीनं तो थर हलवून पाहिला. मग म्हणाला, "यातले वीस लावा. पोट वर करून."

हिलालनं वीस लावले. पाठीला डिंक, पोट आभाळाकडं, सोंड काट्यानं सोडवून सरळ केलेली. चिठ्ठीवर झाडाच्या जागी काय लिहावं, ते त्याला कळेना. शेवटी जे खरं तेच लिहिलं: मोहिमेच्या डब्यातून.

मोहिमेचं मात्र नाव झालं. पुढच्या हंगामात ती सत्तर गावांत गेली, पार एरंडोल-जळगावपर्यंत. त्याच साली मानमोडीचा ताप आला, घरटी माणसं गेली, कचेऱ्या ओस पडल्या. लीलाधरची बदली झाली. जाताना त्यानं स्वतःचं भिंग हिलालच्या हातात ठेवलं आणि टांग्यात बसला. कचेरीचं उत्तर आलं ते सन एकोणिसात, मळ्यावर नवा अधिकारी आल्यावर. नव्या अधिकाऱ्यानं त्याचा मराठीत मतलब लिहून दिला. हिलालनं तो घरी आणून भटूला आणि तानुबाईला वाचून दाखवला.

नमुने पाहिले. दोन जाती आहेत, हे निर्विवाद. दुसरी जात त्याच कुळातली असून लाल ढेकणाची शत्रू दिसते, हे फार महत्त्वाचं आहे. संग्राहकाचं निरीक्षण बरोबर होतं. तरी पैदाशीसाठी या जातीचे बारा जिवंत किडे ताबडतोब पाठवावेत.

"मंग धाडी दे ना!" तानुबाई हरखून म्हणाली.

"कथाईन धाडू? एक बी उरना नही," हिलाल म्हणाला.

लाल ढेकूण तर दुसऱ्याच वर्षी परत आले होते. भेंडीवर, अंबाडीवर, कुठं कुठं टिकून राहिले आणि पुन्हा पिलावळ वाढवून बसले. पहिल्यापेक्षा दुप्पट. निंबखेडीचा कापूस त्या साली असा पिवळा निघाला, की सरकी काढणाऱ्या जिनवाल्यानं गाडीवरच्या ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि परत टाकला. धनसिंग स्वतः हिलालच्या ओट्यावर आला. "हिलालभाऊ, तुना तो जवाई कथा गया रे?" त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता तो. हिलालला वाटलं, याच्या अंगावर ओरडावं. पण माप कुणी सुचवलं होतं?

तो शोधत राहिला. दर आश्विनात पांझरेचा काठ, मग बोरीचा, मग गिरणेचा. दर कार्तिकात तो कचेरीला कार्ड टाकायचा: बिनपट्ट्याची जात आढळली नाही, शोध चालू आहे. पहिली दोनतीन वर्षं पोच आली, मग तीही यायची बंद झाली. नोकरी सुटली तरी कार्ड सुटलं नाही. लोक म्हणायचे, बुढ्याला नाद लागलाय. म्हणोत बापडे.

पुढं त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आयुष्यभर भिंगातून बघितलेले डोळे, त्यांना आता ताटातली भाकरीही धुरकट दिसायची. तरी आश्विन लागला की तो तानुबाईचा हात धरून भटूच्या वावरात जायचा. चाचपडत बोंडावरचा ढेकूण चिमटीत धरायचा, उलटा करून तिच्यापुढं करायचा.

"दख बरं, पट्टा शे का?"

"शे."

तो ढेकूण चिरडून पुढचा धरायचा. अशी किती वर्षं गेली! सन चाळीसच्या आश्विनात तो फार थकला होता. दोन पावलं टाकली की दम लागायचा. बांधावर टेकून त्यानं एक ढेकूण धरला आणि हात पुढं केला.

"दख बरं."

तानुबाईनं बघितलं. पट्टे होते. चांगले ठसठशीत, पांढरे. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नही."

"काय म्हनीस?"

"पट्टा नही."

"सोंड?"

"जाड शे."

हिलालच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यानं तो ढेकूण हळूच तिच्या तळहातावर ठेवला. "जपी ठेव बोंडवर," तो म्हणाला. "दबू देऊ नको." तानुबाईनं तो कपाशी नासवणारा ढेकूण उकललेल्या पांढऱ्या बोंडावर सोडला. आयुष्यात इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं. पण त्याचा चेहरा असा झाला होता, की आता खरं सांगायला तोंड कुठून आणायचं?

घरी येताच त्यानं भटूला बोलावलं. "कार्ड घे. लिख." आणि एकेक शब्द सावकाश सांगितला, चिठ्ठीवर सांगतात तसा. गाव, निंबखेडी. तारीख, आजची. झाड, कपाशी. एक सापडला, अकरा बाकी.

भटूनं लिहिलं. "आणि पकडणारा? हिलाल पुना?"

"नही, नही. चिठ्ठीवर खोटं लिखू नही," हिलाल म्हणाला. "मना डोया नहीत. जिनी देखं तिनं नाव लिख. तानुबाई."

तानुबाई चुलीपुढं बसली होती. तिनं वळून बघितलं नाही. भटूनं नाव लिहिलं, कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "वहिनी, सकाळी डाकवाला उना की देजो."